स्काऊटचे गुरुजी एकटे पडले की पथक बंद पडतं. पालकांनी नेमकं काय करायचं?

भोर/वेल्हे : शनिवारची सकाळची शाळा सुटते आणि पोरं दप्तर घेऊन घराकडं पळतात. ज्या शाळेत स्काऊट-गाईडचं पथक आहे तिथं मात्र काही पोरं गळ्यात स्कार्फ बांधून मैदानातच थांबतात. त्यांच्याबरोबर एक गुरुजी किंवा बाईही थांबतात. दोरीच्या गाठी होतात, खेळ होतो, प्रार्थना होते. तोवर गुरुजींची एसटी निघून गेलेली असते. पुढची गाडी दोन तासांनी. या दोन तासांचा त्यांना वेगळा पगार नसतो.

बऱ्याच पालकांना वाटतं, हे गुरुजींच्या नोकरीतलंच काम आहे. शाळेनं जबाबदारी दिलेली असते हे खरं. पण शिबिराच्या रात्री, सुट्टीतलं प्रशिक्षण, सामानासाठी तालुक्याला मारलेल्या फेऱ्या, खिशातून घातलेले पैसे, हे सगळं पगारात बसत नाही. ते माणूस हौसेनं करतो. आणि एकट्याची हौस किती वर्षं पुरणार? त्या शिक्षकाची बदली झाली की दोरखंड आणि तंबू शाळेच्या कपाटात जातात आणि पुढच्या वर्षी पथक दिसत नाही.

पथक टिकवायला पैसे लागतात, पण त्याहून जास्त माणसं लागतात. ती माणसं म्हणजे पालक. भोर-वेल्ह्यासारख्या डोंगरी भागातलं कुटुंब काय काय करू शकतं, ते या लेखात पाहू.

आधी थोडं चळवळीबद्दल

इंग्लंडमध्ये 1907 साली लॉर्ड बेडन पॉवेल यांनी ब्राउनसी नावाच्या बेटावर मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. तिथून स्काऊटिंग सुरू झालं. भारतात 1909 मध्ये बेंगळुरूला पहिलं पथक निघालं आणि 1911 मध्ये जबलपूरला मुलींचं गाईडिंग सुरू झालं. सुरुवातीला हे सगळं इंग्रज आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतं होतं. आपल्या मुलांना त्यात जागा नव्हती. म्हणून पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी 1917 मध्ये सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली. पुढच्या वर्षी 15 ऑगस्टला गाईड्सही त्यात आल्या. म्हणून 7 नोव्हेंबरला शाळेत स्थापना दिन आणि ध्वज दिन साजरा होतो.

पुण्यात आळंदी रस्त्यावर ‘संगम’ नावाचं केंद्र आहे. गर्ल गाईड्सची जगात अशी पाच जागतिक केंद्रं आहेत, त्यातलं हे एक. 1966 मध्ये सुरू झालं. ज्या चळवळीचं जागतिक केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे, तिचं पथक आपल्या गावात माणसं नाहीत म्हणून बंद पडू नये.

लहान मुलांच्या गटाला कब, लहान मुलींच्या गटाला बुलबुल म्हणतात. साधारण दहा वर्षांनंतर मुलगा स्काऊट होतो, मुलगी गाईड होते. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याचा एक संघनायक आणि असे काही संघ मिळून पथक. यातली मुख्य गोष्ट अशी, की मुलांनी मुलांना शिकवायचं. संघनायक सातवी-आठवीतलाच पोरगा असतो. स्काऊट मास्टर किंवा गाईड कॅप्टन मागं उभं राहून लक्ष ठेवतात. पालकांनी हे एवढं समजून घेतलं तरी निम्मे गैरसमज संपतात.

गुरुजींच्या डोक्यावर किती कामं असतात?

पथकाची दर वर्षी नोंदणी करायची. मुलांची फी गोळा करून भरायची. हजेरी आणि प्रगतीच्या नोंदी ठेवायच्या. कोणाचं प्रवेश झालं, कोण प्रथम सोपानला आहे, कोण द्वितीय, तृतीय सोपानला, याचा हिशेब ठेवायचा. राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्काराच्या चाचण्यांसाठी मुलांची तयारी करून घ्यायची. शिबिर असेल तर परवानगी, गाडी, किराणा, भांडी, औषधं, मुक्कामाची जागा. त्यात कोणाच्या पोराला ताप आला तर रात्री जागायचं.

आणि स्वतःचं प्रशिक्षण वेगळंच. बेसिक, मग अॅडव्हान्स, पुढं हिमालय वुड बॅज. ही प्रशिक्षणं निवासी असतात, घर सोडून आठवडाभर राहावं लागतं.

या यादीकडं नीट बघितलं तर यातली बरीच कामं शिक्षकानंच करावीत असं काही नाही. किराणा आणायला, गाडी ठरवायला, फोन लावायला, वहीत नावं लिहायला कोणीही चालतं. गुरुजींचा वेळ मुलांना शिकवण्यात जावा आणि धावपळ पालकांनी वाटून घ्यावी. मदत म्हणजे मुख्यतः एवढंच.

एक घर, एक काम

‘काही लागलं तर सांगा गुरुजी’ असं सगळेच म्हणतात. त्यावर गुरुजी काही सांगत नाहीत, कारण मागायला संकोच वाटतो. त्यापेक्षा वर्षाच्या सुरुवातीला पालकांची एक बैठक घ्यावी आणि प्रत्येक घरानं वर्षभरासाठी एकच ठराविक काम घ्यावं.

ज्याच्याकडं पिकअप आहे त्यानं वर्षातून एकदा तंबू आणि भांडी शिबिराच्या जागी पोहोचवावीत. ज्याचं किराणा दुकान आहे त्यानं घाऊक भावात शिधा काढून द्यावा. मंडपवाल्याकडं मोठी पातेली असतात, ती एक दिवस द्यावीत. ज्या ताईला शिलाई येते तिनं स्कार्फ आणि गणवेशाची दुरुस्ती बघावी. कॉलेजला जाणाऱ्या ताई-दादानं फॉर्म मोबाईलवर भरून द्यावेत.

ज्यांच्याकडं यातलं काहीच नाही त्यांच्याकडं माहिती असते. भोर-वेल्ह्यातल्या आजोबांना दाव्याची निरगाठ कशी आणि सुरगाठ कशी, हे झोपेतसुद्धा सांगता येतं. स्काऊटच्या पुस्तकातल्या गाठी ते पोरांना दहा मिनिटांत शिकवतील. आजीला पावसाळ्यातल्या रानभाज्या ओळखता येतात, कुठली खायची आणि कुठली नाही ते कळतं. गुराख्याला डोंगरातली पायवाट आणि झऱ्याची जागा माहीत असते. गावातल्या आशाताई प्रथमोपचार दाखवू शकतात. अशा माणसाला महिन्यातून एक तास मैदानात बोलावलं तर गुरुजींचा एक तास हलका होतो आणि गावाचं ज्ञान पोरांपर्यंत जातं.

शेतीचं वेळापत्रक गुरुजींना सांगा

बाहेरून आलेल्या शिक्षकाला इथली कामं लगेच कळत नाहीत. जुलैत भाताची लावणी असते, तेव्हा घरातलं लहान-मोठं कोणी मोकळं नसतं. दिवाळीच्या मागंपुढं कापणी आणि झोडणी. मग गावची यात्रा, लग्नसराई. या दिवसांत सभा ठेवली की निम्मी पोरं गैरहजर. गुरुजींना वाटतं लोकांना रस नाही. पालकांना वाटतं गुरुजींना आमच्या अडचणी कळत नाहीत.

जूनच्या बैठकीतच गावाचं कॅलेंडर समोर ठेवावं. कुठल्या आठवड्यांत सभा नको आणि मुक्कामाचं शिबिर कधी घ्यावं हे ठरवून टाकावं. आपल्याकडच्या पावसात पश्चिमेकडच्या वाड्यांना ओढे ओलांडून यावं लागतं. तिथल्या मुलांसाठी जून ते सप्टेंबर सभा शाळेच्या वेळेतच संपली पाहिजे, हेही स्पष्ट सांगावं. आणि जे दिवस ठरले त्या दिवशी मूल पाठवावं. आठ जणांच्या संघातली चार पोरं आली नाहीत तर त्या दिवशी काही शिकवताच येत नाही.

खरी कमाई खरीच राहू द्या

स्काऊट-गाईडमध्ये ‘खरी कमाई’ नावाचा उपक्रम असतो. मुलांनी स्वतः कष्ट करून चार पैसे मिळवायचे, ही त्यामागची कल्पना. आपल्या शाळांतून त्या दिवशी भेळ, वडे, भाजी, सरबत यांचे स्टॉल लागतात. हौसेनं लागतात. पण बऱ्याचदा भेळ आई करते, सामानाचे पैसे वडील देतात, मामा येऊन दोनशेची नोट देतो आणि पोरगं गल्ल्यावर बसतं. ही कमाई पोराची नाही, घरच्यांची आहे.

इथं पालकांची मदत म्हणजे हात आवरणं. सामान शंभर रुपयांचं आणलं, विक्री दीडशेची झाली, तर आईचे शंभर आधी परत करायचे आणि कमाई पन्नास लिहायची. कांदा पोरानंच चिरावा, जुड्या पोरीनंच बांधाव्यात, भाव दोघांनीच ठरवावा. थोडं नुकसान झालं तरी चालेल. हिशेब वहीत लिहायला लावा. पन्नास रुपये कसे मिळतात हे ज्या पोराला कळलं, ते पोर बापाच्या खिशातले पाचशे मागताना विचार करतं.

हाच नियम घरातही. रोज एक चांगलं काम करायचं, असं स्काऊटला शिकवतात. म्हाताऱ्या शेजारणीचा हंडा उचलून दिला, गोठा झाडला, रस्त्यातला दगड बाजूला केला, यातलं काहीही. संध्याकाळी ‘आज काय केलंस?’ एवढं विचारावं. शिबिराला जाताना पिशवी आईनं भरू नये. पोरानं यादी बघून स्वतः भरावी. टॉवेल विसरला तर विसरू द्यावा, पुढच्या वेळी विसरणार नाही. ‘तयार रहा’ हे स्काऊटचं ब्रीद असं घरातूनच शिकायचं असतं.

पैशाचं बोलणं उघड असावं

पथकं मोडण्याचं आणखी एक कारण म्हणजे पैशावरून होणारी कुजबुज. एका सहलीचे पैसे गोळा होतात, गाडीला थोडे जास्त जातात, गुरुजी खिशातून घालतात आणि कोणाला सांगत नाहीत. तिकडं पारावर कोणीतरी म्हणतं, ‘गुरुजींनी पैसे राखले असतील.’ असं एकदा कानावर आलं की माणूस पुढच्या वर्षी काम हातात घेत नाही.

उपाय सोपा आहे. पैसे एका पालकानं गोळा करावेत, दुसऱ्यानं वही लिहावी, गुरुजींच्या हातात रोकड जाऊच नये. शिबिर संपल्यावर आठ दिवसांत जमा-खर्चाचा कागद शाळेच्या फळ्यावर लावावा. उरलेले पैसे पथकाच्या नावावर राहतील. कमी पडले तर सगळ्यांनी वाटून भरायचे, गुरुजींनी खिशात हात घालायचा नाही.

शाळा व्यवस्थापन समितीही इथं कामाला येते. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला. समितीच्या बैठकीत पथकाचा विषय घेता येतो. साहित्य ठेवायला कपाट, मैदानाची सफाई, पाण्याची टाकी यासाठी ग्रामपंचायतीला अर्ज देता येतो. हे काम गुरुजींनी एकट्यानं केलं तर ‘गुरुजींचं काम’ राहतं, समितीनं केलं तर गावाचं होतं.

सुरक्षेचे प्रश्न विचारा, राग मानू नका

राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर आपल्या दारात आहेत. पोरांनी तिथं जायलाच हवं. पण किल्ला म्हणजे खेळ नाही. पावसाळ्यात वाट निसरडी होते, धुक्यात रस्ता चुकतो. कड्याला आग्या मोहोळं असतात. खाली भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत अशा धरणांचं पाणी आहे. वरून शांत दिसतं, पण काठाशी गाळ आणि एकदम खोली असते.

म्हणून मुलाला पाठवण्याआधी पालकांनी एवढं विचारावं. बरोबर मोठी माणसं किती? मुली असतील तर बाई आहेत का? गाडी कुठली, परत कधी? पाण्यात उतरायला मनाई आहे ना? असं विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं असं कोणी समजू नये. चांगल्या स्काऊट मास्टरला असे प्रश्न आवडतात.

पालकांनी स्वतः काय द्यायचं तेही ठरलेलं असावं. संमतीपत्र सही करून वेळेवर द्यायचं. मुलाला दमा, फिट किंवा कशाची अॅलर्जी असेल तर लपवायचं नाही, कागदावर लिहून द्यायचं. रोजची गोळी असेल तर नाव घालून द्यायची. संपर्कासाठी दोन मोबाईल नंबर द्यायचे, कारण डोंगरात एकाला रेंज नसते. एका पालकानं गावात थांबून फोनवर राहायचं, म्हणजे वरून एक फोन आला की तोच सगळ्या घरांना कळवेल.

एक नियम कधी मोडू नये. मोठा माणूस एक आणि मूल एक, असं एकटं बंद खोलीत, तंबूत किंवा गाडीवर राहायचं नाही. कायम दोन मोठी माणसं असावीत. यानं मूल सुरक्षित राहतं आणि गुरुजींवरही खोटा आळ येत नाही. संध्याकाळी उशीर झाला की गुरुजीच पोराला मोटारसायकलवर घरी सोडतात, हे आपल्याकडं नेहमीचं. चांगल्या मनानंच करतात. तरी पालकांनी वेळेवर येऊन आपलं मूल आपण न्यावं.

मुक्कामाला मुली असतील तर दोन आयांनी पाळीपाळीनं बरोबर जावं. अनेक घरांत मुलीला शिबिराला सोडत नाहीत, त्याचं कारण हेच असतं. आई बरोबर आहे म्हटल्यावर आजी-आजोबांचाही विरोध मावळतो.

मोबाईलमध्ये हे नंबर ठेवा : रुग्णवाहिकेसाठी 108, तातडीच्या मदतीसाठी 112, मुलांच्या मदतीसाठी 1098. साप चावला तर जखम कापायची नाही, दोरी आवळायची नाही, मांत्रिकाकडं वेळ घालवायचा नाही. मुलाला शांत ठेवून थेट सरकारी रुग्णालय गाठायचं.

गुरुजींच्या घराचाही विचार करा

पथक चालवणाऱ्याच्या घरीही बायका-पोरं असतात. तो रविवारी शिबिराला गेला की त्याच्या घरचा रविवार जातो. गाईड कॅप्टन असलेल्या बाईंचं तर आणखी अवघड. आठवडाभराच्या प्रशिक्षणाला जायचं तर घरचा स्वयंपाक, सासू-सासऱ्यांचं औषधपाणी, लहान मूल, सगळ्याची सोय आधी लावावी लागते. बाई प्रशिक्षणाला गेल्या नाहीत तर मुलींचं पथक नीट उभं राहत नाही. म्हणजे आपल्या गावातल्या मुलींचं गाईडिंग बाईंच्या घरच्या माणसांवरही अवलंबून असतं.

घरच्या माणसांनी त्या सात दिवसांचं काम वाटून घ्यावं, टोमणा मारू नये. बाई गावातच राहत असतील तर शेजारणीनं एक वेळची भाकरी-भाजी पाठवावी. प्रशिक्षणाहून आल्यावर गावानं शाळेत बोलावून नारळ द्यावा. खर्च थोडाच, पण घरच्यांनाही कळतं की आपलं माणूस काहीतरी मोठं करतंय.

तक्रार असेल तर तीही रीतीनं करावी. रात्री अकराला व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘आमच्याच पोराला का निवडलं नाही?’ असं टाकून शंभर जणांसमोर माणसाला उभं करू नये. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन समोरासमोर बोलावं. संघनायक कोणाला करायचं, पुरस्काराला कोणाला पाठवायचं, हे नोंदवहीवरून ठरतं. नोंदी बघायला मागा, भांडू नका. बाब मुलाच्या सुरक्षेची असेल तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा.

बदलीनंतरही पथक राहिलं पाहिजे

जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाची बदली आज ना उद्या होणारच. त्याची तयारी शिक्षक असतानाच करायची. पथकाची नोंदवही, नोंदणीचे कागद, साहित्याची यादी शाळेत राहावी, गुरुजींच्या घरी नको. दुसरा एक शिक्षक किंवा शिक्षिका पहिल्यापासून सोबत असावी.

आणि गावातला एखादा तरुण. शिरवळ, खेड शिवापूरच्या कंपनीत पाळी करणारी, पुण्याला कॉलेजला जाऊन येणारी पोरं गावात आहेत. त्यातल्या एखाद्याला शाळेत असताना स्काऊटचा अनुभव असतो. अठरा वर्षांपुढच्या अशा तरुणाला किंवा तरुणीला मदतनीस म्हणून पुढं करावं, जिल्हा कार्यालयाकडून प्रशिक्षणाची माहिती घ्यावी. पटसंख्या कमी असलेल्या वाड्यांसाठी शाळेबाहेरच्या खुल्या पथकाचीही सोय संस्थेत आहे.

मुलांची प्रमाणपत्रं मात्र घरी नीट फाईलला लावून ठेवा. रेल्वेत स्काऊट-गाईड कोट्यातून भरती निघते, तेव्हा जुन्या नोंदी आणि पुरस्काराचे कागद मागतात. वीस वर्षांचा झाल्यावर शोधत बसलं तर सापडत नाहीत.

येत्या शनिवारी एवढं करा

शाळा सुटायच्या वेळी मैदानावर जा. पाच मिनिटं उभं राहून पोरं काय करतात ते बघा. मग गुरुजींना किंवा बाईंना तीन गोष्टी विचारा : या महिन्यात कुठलं काम अडलंय? त्यातलं कुठलं मी करू शकतो? तुमच्याबरोबर दुसरं कोण आहे?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कोणी नाही’ असं आलं, तर जाताना अजून दोन घरांना सांगून जा.